माय, तायी आन् याडी



आपण वऱ्हाडात आईले माय म्हणतो. पंढरपुरात कानडी वारकरी भेटतात, त्यांच्या भाषेत 'तायी' म्हणजे आई. आपली ताई मात्र मोठी बहीण. ते लहान पोरीलेही आदरानं 'तायी' म्हणतात, हे मले लई आवडलं.

आता घरचं पाहा. मानोरा तालुक्यात पोहरादेवी, भोवताली बंजारा तांडे. तांड्यावरचं लेकरू आईले 'याडी' म्हणते. आपल्या कानाले ते 'येडी' ऐकू येते, आन् गावची पोरं हासतात. मंग ते लेकरू चारचौघांत आपल्या मायले हाकच मारत नाही. आपण तर दिंडीत सर्वांस माऊली म्हणतो, म्हणजे आईच. यंदा तांड्यावर कोणी म्हातारी पाणी घेऊन आली, तर तिले 'याडी' म्हणूनच पाया पडा.