अकलूजमधील सान्जोवेझे

खडकवासल्याच्या धरणातून निघणारा मुठा उजवा कालवा पुणे शहर ओलांडून हडपसर, लोणी काळभोर, दौंड असा पूर्वेला सरकत इंदापूर तालुक्यापर्यंत जातो, आणि त्या तालुक्याच्या दक्षिण सीमेवरील नीरा नदी ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका लागतो. याच तालुक्यातील अकलूजच्या परिसरात, उसाच्या फडांच्या शेजारी, सान्जोवेझे या इटालियन काळ्या द्राक्षाच्या बागा आहेत. खडकवासल्याच्या वरच्या अंगाला, पानशेत-वरसगावच्या डोंगरांत कोसळणारा पाऊस द्राक्षाला मानवत नाही, कारण ओल्या पानांवर केवडा हा बुरशीजन्य रोग झपाट्याने पसरतो. त्यामुळे पाणी सह्याद्रीचे आणि बाग पर्जन्यछायेतील कोरड्या पट्ट्यात, अशी पश्चिम महाराष्ट्रातील द्राक्षशेतीची रीत पडली आहे.

सान्जोवेझेचे घर म्हणजे मध्य इटलीतील टस्कनी हा डोंगराळ प्रदेश, आणि तेथील कियान्ती ही प्रसिद्ध रेड वाइन मुख्यतः याच द्राक्षापासून तयार होते. भूमध्य सागराकाठची वाइन दख्खनला अगदीच अपरिचित नव्हती: इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयनविषयक ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालामध्ये वाइनची, त्यातही इटालियन वाइनच्या पसंतीची नोंद आहे, आणि नेवासे येथील उत्खननात अॅम्फोरा, म्हणजे वाइन किंवा तेल वाहून नेण्याचे दोन कानांचे उभट मातीचे कुंभ, यांचे तुकडे सापडले आहेत. तेव्हा आले ते कुंभ. खुद्द वेल अकलूजला आली ती मात्र अलीकडे, २००७ मध्ये स्थापन झालेल्या फ्राटेली या कंपनीमार्फत, जिच्यात अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची ही तीन घराणी एकत्र आली आणि जिच्या वाइननिर्मितीची सूत्रे टस्कनीतील पिएरो मासी यांच्याकडे देण्यात आली.

वेल आणता येते, ऋतू आणता येत नाहीत. भूमध्य सागरी हवामान म्हणजे ज्यात पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो असे हवामान. तेथे वेल थंडीत पाने गाळून निजते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दिवस थंड होत असताना, तिचे घड पिकतात. दख्खनमध्ये हे गणित उलटे आहे, कारण येथे पाऊस उन्हाळ्याच्या पाठोपाठ येतो आणि वेलीला निजण्याइतकी थंडी कधीच पडत नाही. म्हणून येथील बागायतदार वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, जिच्यानंतर फुटणाऱ्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची सूक्ष्म निर्मिती होते, आणि पाऊस ओसरताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, जिच्यानंतर ते घड प्रत्यक्ष बाहेर पडतात. या दुसऱ्या छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून प्रत्येक काडीवर हाताने रसायनाचा लेप लावला जातो, ज्याला बागेत ‘पेस्टिंग’ म्हणतात; थंडीने फुकट केले असते ते काम येथे मजुरी देऊन करून घ्यावे लागते.

याचा परिणाम थेट पेल्यात उतरतो. टस्कनीतील घड उतरत्या उष्णतेत पिकतात, तर अकलूजचे फेब्रुवारी-मार्चमधील चढत्या उष्णतेत. मण्यांतील साखर तेव्हा भराभर वाढते आणि आम्ल त्याच वेगाने खर्ची पडते. ब्रिक्स म्हणजे रसातील विद्राव्य घटकांचे, मुख्यतः साखरेचे, शेकडा प्रमाण. रेड वाइनसाठी ते साधारण २३-२४ लागते, परंतु तेवढे भरेपर्यंत थांबले तर आंबटपणा हातचा जातो आणि आधी तोडणी केली तर साल व बी कच्ची राहते. रेड वाइनमध्ये रस सालीसकट आंबवला जात असल्याने हा कच्चेपणा लपत नाही. मूळच्या भरपूर आम्लासाठी ओळखल्या जाणाऱ्या सान्जोवेझेची निवड या दृष्टीने शहाणपणाची म्हणावी लागेल, कारण ज्याच्यापाशी मुळात जास्त आहे त्याचे थोडे गेले तरी निभावते.

चाखण्याची पद्धत मात्र दोन्हीकडे एकच. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरला की कडेचा रंग दिसतो, जो कोवळ्या वाइनमध्ये जांभळट आणि मुरलेल्या वाइनमध्ये विटकरी असतो. मग पेला हलकेच फिरवून वास घेतात, आणि शेवटी लहानसा घोट जिभेवरून फिरवून हिरड्यांपर्यंत पोहोचू देतात, कारण टॅनिनचा, म्हणजे सालीतून व बीमधून उतरलेल्या द्रव्याचा तुरटपणा तेथेच कळतो, कच्ची सुपारी चावल्यावर कळतो तसा. अनेक वाइन ओळीने चाखायच्या असतील तर घोट थुंकून टाकणे हा शिष्टाचार आहे, अनादर नव्हे. युरोपीय पुस्तकांतील रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा सल्ला मार्चमधील अकलूजला लागू करणे म्हणजे वाइनचा काढा करणे होय. तेथे ती थोडा वेळ थंड करून १६ ते १८ अंश सेल्सिअसवर आणली की फळाचा वास मोकळा होतो आणि अल्कोहोलचा भपकारा मागे हटतो.

तुलना कियान्तीशी करण्याचा मोह होतो, पण टस्कनीत जूनमधला दिवस पंधरा तासांहून मोठा आणि अकलूजला जानेवारीतला अकरा तासांचा असताना दोन्हींत सारखेपणा शोधणे फारसे फलदायी नाही. जेवणाचा मेळ घालून पाहणे अधिक उपयोगाचे. मिरची टॅनिनचा तुरटपणा आणि अल्कोहोलची आग दोन्ही वाढवते, त्यामुळे सोलापुरी काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यासमोर ही वाइन रुक्ष वाटते. मात्र बेताच्या तिखटाचे सुके मटण किंवा चुलीवर भाजलेले वांगे समोर असेल, तर मटणातील चरबी आणि वांग्याच्या भरतावरचे तेल त्या तुरटपणाला बोथट करतात.