उंबरखिंडीचा अभिमान कोणाविरुद्ध?



२ फेब्रुवारीला आपल्यापैकी अनेकजण चावणीला जातात. मीही जातो. तिथल्या उंबरखिंडीच्या लढाईच्या स्मारकापुढे उभे राहिले की छाती भरून येते, आणि ती भरून यावीच. १६६१ साली मोगल सरदार शाहिस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान कुरवंडे घाटाने कोकणात उतरला आणि उंबरखिंडीच्या गर्द रानात अडकला. पुढची वाट बंद, मागची बंद, वरून मारा आणि प्यायला पाणी नाही. शिवाजी महाराजांच्या मूठभर मावळ्यांनी आपल्या डोंगरांच्या जोरावर प्रचंड फौज जेरीला आणली. हे कर्तृत्व आहे आणि ते आपल्या कर्जत-खालापूरच्या भूमीत घडले आहे.

माझी तक्रार त्यापुढच्या वाक्याशी आहे. भाषणे सुरू होतात आणि दहा मिनिटांत कारतलबखान बाजूला पडतो. ‘ती जातच तसली’, ‘ते लोक असेच’ हे सुरू होते. अशा वेळी मला खिंडीत अडकलेली ती फौज नीट डोळ्यांसमोर आणावीशी वाटते. कारतलबखान स्वतः उझबेग. पण त्याच्या बरोबर कोण होते? ‘शिवभारत’ या काव्यात कवींद्र परमानंदांनी नावे दिली आहेत : जाधव, कोकाटे, गाढे. आणि माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन. आपल्याच मुलखातली, आपल्याच बोलीत हुकूम देणारी माणसे मोगलांकडून लढत होती. शेवटी शरण जाण्याचा शहाणा सल्ला खानाला दिला तो रायबागनने. महाराजांनी काय केले? खंडणी घेतली आणि फौजेला जाऊ दिले. जिंकलेल्या माणसाने शत्रूच्या वंशाचा हिशेब मांडला नाही, त्याच्या फौजेचा बंदोबस्त केला. आपण मात्र साडेतीनशे वर्षांनंतर तो हिशेब मांडायला बसतो.

या लढाईत महाराजांबरोबर नेताजी पालकर होते. त्यांचे गाव म्हणून आपण चौकचे नाव अभिमानाने घेतो. याच नेताजींना पुढे औरंगजेबाने पकडले, १६६७मध्ये मुसलमान केले आणि काबूलच्या बाजूला मोहिमेवर धाडले. १६७६मध्ये ते महाराजांकडे परतले आणि त्यांना पुन्हा धर्मात घेतले गेले. मधल्या नऊ वर्षांत एखाद्या पठाणाने नेताजींकडे बोट दाखवून ‘हे मोगल सगळे एकाच माळेचे मणी’ असे म्हटले असते, तर आपल्याला ते कसे वाटले असते?

आपल्याबद्दलही असे म्हटले गेले आहे. १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. गावे जळली, शेतकरी देशोधडीला लागले. आजही बंगालीत बाळाला झोपवताना ‘बरगी’ आल्याचे सांगणारे गाणे म्हणतात. बरगी म्हणजे त्या फौजेचे बारगीर, म्हणजे आपण. नांगर सोडून कधी घराबाहेर न पडलेला कर्जतचा कुणबीही त्या गाण्यात लुटारू ठरला. त्या स्वाऱ्यांची लाज वाटायला हवी असे मी स्पष्ट म्हणतो. पण ती करणाऱ्यांची करणी आहे, मराठी रक्ताची नव्हे. बंगालनेही ते ओळखले. सखाराम गणेश देऊस्कर या बंगालमध्ये वाढलेल्या मराठी माणसाने १९०४मध्ये बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिली, ती घराघरांत वाचली गेली आणि इंग्रज सरकारने तिच्यावर बंदी घातली. १९०४मध्येच रवींद्रनाथांनी शिवाजी महाराजांवर कविता लिहिली. बरगीची आठवण असलेल्या भाषेत हे घडले, याचे मला फार मोल वाटते.

इंग्रजांच्या बाबतीतही तेच. माथेरानचे स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील यांना २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर मारले, त्या पोलिसांचा अधिकारी हॉल हा गोरा होता; त्याच्या हाताखालचे शिपाई मात्र आपलेच. हुतात्म्यांचा लढा सत्तेशी होता, वंशाशी नव्हे.

आज कर्जतच्या फार्महाऊसवर नेपाळी वॉचमन आहे, खोपोलीच्या कारखान्यांत बिहारी आणि ओडिया कामगार आहेत. चोरी झाली की व्हॉट्सॲपवर पहिला मेसेज येतो : ‘या लोकांना हाकला.’ आणि यातले कोणी जवळ नसेल, तर बोट कातकरवाडीकडे वळते. कातकरी तर इथले आद्य रहिवासी. तिकडे आपली मुले अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात शिकायला जातात आणि ‘इंडियन सगळे असेच’ हे ऐकून रात्री घरी फोन करतात, तेव्हा आपल्याला ते झोंबते. ते झोंबणे खरे आहे, न्याय्य आहे. मग तोच न्याय आपल्या फाटकावरच्या माणसाला का नाही?

तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. चोरी झाली तर पोलिसांत जा, चोराचे नाव ठाऊक असेल तर ते सांगा. ठाऊक नसेल, तर त्याच्या जागी कोणाचा प्रांत, देश किंवा जात लिहू नका.