मधले थोरले
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



माझी नोकरी बँकेत झाली, छंद मात्र आकाशाचा. तेव्हा विषय आकाशाचा आणि उदाहरणं बँकेची, हे आपण चालवून घ्याल.

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा शेकडो-हजारो दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या असतात, त्याला दीर्घिकासमूह म्हणतात. सोसायटीच म्हणा ना! समूहाच्या मध्याशी बहुधा एक अवाढव्य लंबगोल दीर्घिका असते. कन्या राशीच्या दिशेला, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर असलेली एम-87 ही त्यांतली प्रसिद्ध. 2019 साली कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र जगाने पाहिलं, ते हिच्याच पोटातलं. त्याचं वस्तुमान सुमारे साडेसहाशे कोटी सूर्यांएवढं!

ही एवढी मोठी कशी झाली? विलीनीकरणाने. 2017 साली स्टेट बँकेत सहयोगी बँका आल्या, तशा लहान दीर्घिका हिच्यात येत गेल्या. जुनी खाती आली, नवीन उघडणं मात्र जवळजवळ बंद. बहुतेक तारे म्हातारे, आमच्यासारखे. भोवती वायू भरपूर आहे, पण तो कोट्यवधी अंश तापलेला. वायू निवल्याशिवाय तारा जन्मत नाही, आणि मधलं कृष्णविवर झोत सोडून त्याला निवू देत नाही. तिजोरी भरलेली, कर्जवाटप ठप्प!

भुजंगधारीच्या दिशेला 39 कोटी प्रकाशवर्षांवरच्या समूहात अशाच स्फोटाने वायूत एवढी पोकळी पडली आहे, की तीत 15 आकाशगंगा ओळीने मावतील. 2020 साली हे जाहीर झालं. त्यात आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणंही होती. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत तिथे.

आता घरचा मुद्दा. गच्चीवर रात्रभर मोठा दिवा लावायचा विषय पुढच्या सभेत आहे. सुरक्षेची काळजी खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण मुचकुंदीच्या मुखावरच्या आपल्या पूर्णगडला अजून अंधार शिल्लक आहे. एप्रिलच्या अमावास्येला रात्री नऊनंतर, उत्तरा फाल्गुनीच्या जरा पूर्वेला, लहान दुर्बिणीतूनही एम-87 धुरकट ठिपक्यासारखी दिसते. मुंबईच्या नातवंडांना ती तिथे दिसायची नाही. दिवा जिन्यापाशी, खाली तोंड करून, बटणासह बसवा. उजेड हवा तिथे पडेल, बिलही कमी येईल.

सभेत वायू फार तापू देऊ नका, एवढीच विनंती. निवून बोललो, तर काही नवं जन्माला येईल.