कुसळाचा पीळ आणि सहावी-आठवीचा वर्ग



संमेलन डिंभ्याला भरवायचं म्हटल्यावर सोयीसाठी मंचर किंवा नारायणगाव सुचवणारे पुष्कळ होते. संयोजकांनी त्यांचं ऐकलं नाही, हे बरं झालं. निसर्गातल्या रचना पाहून उच्च प्राथमिकच्या मुलांना अभियांत्रिकीची गोडी कशी लागेल, हा आपला विषय. तो बोलायला याहून चांगली जागा कुठली? एका बाजूला घोड नदी अडवून साठवलेलं साडेतेरा टीएमसी पाणी, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागर. त्या पाण्याच्या पोटात जुनं आंबेगाव. आणि वर भीमाशंकरपर्यंत चढत गेलेलं रान. या धरणाचं पाणी डाव्या कालव्यानं येडगावपर्यंत जातं. ते कुणाच्या शेतात गेलं आणि कुणाची शेतं त्याखाली गेली, हे इथल्या आश्रमशाळांत शिकणाऱ्या मुलांच्या आजी-आजोबांना विचारा. अभियांत्रिकी म्हणजे नुसती करामत नव्हे, हे या खोऱ्याला कुणी शिकवायला नको.

आता थोडं टोचणारं बोलतो. या विषयावरचं व्याख्यान हल्ली ठरून गेलं आहे. पडद्यावर खंड्याचं चित्र येतं, मग जपानची बुलेट ट्रेन येते, दोघांच्या चोची शेजारी शेजारी दाखवतात, मुलं ‘वा’ म्हणतात आणि तास संपतो. गोष्ट खरी आहे. एइजी नाकात्सू नावाचे रेल्वेचे अभियंते पक्षीनिरीक्षक होते. वेगानं बोगद्यात शिरलेल्या गाडीपुढची हवा दाबली जायची आणि दुसऱ्या तोंडाला स्फोटासारखा आवाज व्हायचा. हवेतून पाण्यात सूर मारताना खंड्या फारसं पाणी उडवत नाही, हे त्यांना आठवलं. १९९७ साली रुळांवर आलेल्या ५०० मालिकेच्या गाडीचं लांबुळकं नाक त्यातून घडलं. पण आपण मधला भाग गाळतो. नाकात्सूंच्या चमूनं निरनिराळ्या आकारांच्या गोळ्या नळीतून सोडल्या, प्रत्येक गोळीनं उठवलेली दाबाची लाट मोजली आणि आकडे बघून आकार निवडला. खंड्यानं अंदाज दिला, निर्णय आकड्यांनी दिला. आपल्या तासात खंड्या असतो, नळी नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे: निसर्गाचं नवल वाटणं म्हणजे अभियांत्रिकी नव्हे. गरज, हाताशी असलेलं सामान, मोजमाप आणि फसल्यावर पुन्हा करून बघणं, हे चार आले की ती सुरू होते. आणि तिच्यासाठी नमुना जपानहून आणायची गरज नाही. या खोऱ्यातलं महादेव कोळी, ठाकर, कातकरी पोर ज्या रानातून चालत शाळेत येतं, त्या रानाबद्दल त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. वर्गातला जाणकार तोच आहे. आपण मात्र त्याला मागच्या बाकावर बसवून खंड्याचं चित्र दाखवतो.

कुसळी गवत घ्या. थंडीचे दिवस आहेत, डोंगर वाळून पिवळे पडलेत. इथं येताना तुमच्यापैकी निम्म्यांच्या पायजम्यांना आणि साड्यांच्या काठांना कुसळं लागली असतील. आपण ती उपटून फेकतो. टाकू नका, त्यातलं एक ओल्या बोटावर ठेवून पाहा. ते फिरायला लागतं. त्याच्या शेपटीतल्या पेशींच्या थरांत तंतू तिरके बसलेले असतात. ओल शोषताना सगळे थर सारखे फुगत नाहीत, म्हणून पीळ सुटतो, आणि वाळताना पुन्हा बसतो. टोकावरचे केस मागच्या दिशेला झुकलेले असतात, त्यामुळं पुढं सरकलेलं बी मागं येत नाही. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन, एवढ्या भांडवलावर हे बी स्वतःला जमिनीत पेरून घेतं. ना इंजिन, ना सेल.

आता यात नुसतं नवल मानायचं असेल तर इथंच थांबता येईल. पण आंबेगाव-जुन्नरच्या पोराला विचारा, घरात ओलीचा त्रास कुठं होतो? दहातली आठ पोरं सांगतील, कांदाचाळीत. साठवलेल्या कांद्याला हवेतली आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्के मानवते. त्यापुढं गेली की सड धरते. बापाला ती कळते वासावरून, म्हणजे उशिरा. मग काम द्या: कुसळापासून ओल दाखवणारं यंत्र करा, खर्च दहा रुपयांच्या आत. कुसळ चिकणमातीच्या गोळ्यात उभं रोवायचं. त्याचा वरचा वाकलेला शेंडा आपोआप काटा होतो. खाली पुठ्ठ्याची तबकडी. पण तबकडीवर खुणा कुठं करायच्या? इथं गंमत आहे. झाकणाच्या बरणीत ओलं फडकं ठेवलं की आतली हवा जवळजवळ पूर्ण दमट होते, ती एक खूण. दुसऱ्या बरणीत खाण्याचं मीठ थोड्या पाण्यात, न विरघळलेलं मीठ तळाशी उरेल इतकं घालायचं. नेहमीच्या तापमानाला त्या बरणीतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. कांद्याची धोक्याची रेघ त्याच्या जरा अलीकडं. म्हणजे काटा मिठाच्या खुणेकडं सरकायला लागला की चाळीचा आडोसा काढून वारं खेळू द्यायचं. मीठ, माती, कुसळ. प्रयोगशाळा नाही म्हणून अडलं, असं यात कुणालाही म्हणता येणार नाही.

आणि हे फसणार. दोन कुसळं सारखी फिरणार नाहीत. ओलावताना काटा ज्या जागी थांबला, वाळताना त्याच ओलीला तो भलतीकडं थांबेल. काही दिवसांनी पीळ थकेल. फळ्यावर आकड्यांचा गोंधळ होईल आणि एखादी मुलगी म्हणेल, “सर, एकाऐवजी पाच कुसळं लावू, मधला आकडा धरू.” त्या क्षणी ती अभियंता झाली. खरोखरच्या संशोधनातही हेच घडतं. अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या गटानं २०२३ मध्ये असंच स्वतःला पेरणारं बी-वाहक ओक लाकडाच्या पातळ कापांतून तयार केलं. नमुना होता एका परदेशी रानफुलाचं बी, आपल्या कुसळासारखंच पीळ घेणारं. पण त्या बियाला एकच शेपटी असते, आणि सपाट जमिनीवर ते नीट उभं राहत नाही. यांनी तीन शेपट्या लावल्या. निसर्गाची नक्कल न करता त्याच्या नमुन्यात दुरुस्ती केली.

सुगरणीचं घरटं आपण भाषेच्या तासाला शिकवतो. बहिणाबाईंच्या कवितेनं सगळा मान सुगरणीला दिला आहे. विणतो मात्र नर. तो आधी अर्धवट घरटं विणून थांबतो. मग मादी येते, लोंबकळून तपासते. पसंत पडलं तर पुढचं काम, नाहीतर ते तसंच सोडून दुसरं सुरू. विहिरीवरच्या बाभळीला टांगलेली ती अर्धी घरटी मुलांनी रिकामी म्हणून पाहिलेली असतात, नापास म्हणून नाही. नमुना आधी अर्धा करावा, वापरणाऱ्याला दाखवावा, नाकारला तर राग मानू नये, हा धडा देणारं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही. पावसाळा सरल्यावर गळून पडलेलं एक घरटं वर्गात आणा, वजन करा, त्याला दगड टांगून ते किती भार सोसतं ते पाहा. मग काथ्याची दोरी घेऊन तसा विणलेला झोळीचा कान करून बघा.

एक सावधगिरी. निसर्गातली प्रत्येक रचना सरस आणि माणसाची प्रत्येक चांगली रचना निसर्गाची उचल, असा भाबडेपणा मुलांना देऊ नका. झिम्बाब्वेतल्या हरारे शहरात मिक पिअर्स या वास्तुशास्त्रज्ञानं १९९६ साली ईस्टगेट सेंटर उभं केलं, वारुळातल्या हवेच्या वाटा डोळ्यांपुढं ठेवून. नेहमीच्या वातानुकूलनाशिवाय इमारत गार राहते. नंतरच्या अभ्यासांतून दिसलं की वारूळ तसं चालतच नाही. त्याचं श्वास घेणं फार निराळं आहे. इमारत चालली, समजूत चुकली होती. उलट उदाहरण म्हणून जवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणी बघा, जुन्नर तालुक्यातल्या. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस ताटल्या, आणि त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, तारेच्या जाळीचा. ती जाळी ताणलेल्या तारदोरांवर पेललेली. वारं आरपार जातं, वजन कमी, खर्च कमी. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही युक्ती. सहलीला गेलेली मुलं पाहताच म्हणतात, कोळ्याचं जाळं! म्हणू द्या. पण त्यांना सांगा की ती कोळ्याकडून घेतलेली नाही, वाऱ्याचं आणि रुपयांचं गणित सोडवताना आलेली आहे. मग विचारा, कोळ्याला आणि स्वरूपांना कोणती अडचण सारखी होती? चित्र जुळवण्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

मुठे, म्हणजे खेकडे, धरायला पहिल्या पावसात कोण जात नाही? भातखाचराच्या बांधात खेकड्याचं बीळ झालं की पाणी तिथून वाट काढतं, सोबत माती नेतं, भोक मोठं होतं, बांध बसतो. इथल्या माणसांनी पडकईच्या परंपरेत एकमेकांच्या मदतीनं डोंगरउतारावर खाचरं रचली आहेत. त्यांना हे पाठ आहे. २०१९ च्या जुलैत कोकणातलं तिवरे धरण फुटलं, माणसं गेली, आणि खापर खेकड्यांवर फोडलं गेलं. महाराष्ट्र संतापला, हसलाही. पण खेकडा किती करू शकतो हे मोजून पाहण्याचा प्रयोग एखाद्या सातवीच्या वर्गानं केल्याचं माझ्या कानावर आलं नाही. दोन ट्रे, सारख्या मातीचे दोन बांध, एकात पेन्सिलीनं आरपार भोक, हातात घड्याळ. तिसऱ्या बांधावर गवत लावलेलं. इतकंच लागतं.

गवत लावलेल्या उताराबद्दल बोलताना डोंगर कोसळून गाडल्या गेलेल्या माळीणचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ३० जुलै २०१४ ची ती सकाळ या तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. म्हणून हा प्रयोग करताना शिक्षकानं एक गोष्ट स्वच्छ सांगावी: गवताची मुळं वरची माती धरून ठेवतात, पण घसरण खोल थरातून होणार असेल तर तिथवर ती पोहोचत नाहीत. झाडं लावली की डोंगर सुरक्षित झाला, असं मुलांच्या मनावर बिंबवणं हा गुन्हा आहे. निसर्गाच्या उपायाची मर्यादा शिकवणं हाही याच विषयाचा भाग.

आता व्यवस्थेकडं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, हाताच्या कामासाठी सांगितले आहेत. हे दिवस सहल आणि रांगोळीत घालवू नका. अटल टिंकरिंग लॅब आली तर आनंदच. पण ती येईपर्यंत थांबायचं कारण नाही, आणि आली तरी खोक्यातले तयार भाग जोडणं म्हणजे रचना नव्हे. शेजारी शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तेव्हा त्यांच्यापुढं खोकी नव्हती; गावाला जे लागतं ते मुलांनी करायचं आणि करताना शिकायचं, एवढी कल्पना होती. त्रिकोणांतून उभे केलेले पाबळचे घुमट आजही पाहता येतात. त्यांचा कार्यक्रम शाळांत आठवीपासून सुरू होतो. मी सहावीपासून मागतो आहे. हे वय लहान आहे म्हणाल, तर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं याच वयाच्या मुलांकडून पिशव्या, पवनचक्क्या, बाहुल्या करवून घेतल्या आहेत. आधी कागदावर आराखडा, मग वस्तू. आराखडा आधी, ही अट मला फार महत्त्वाची वाटते. कात्री आधी दिली की कात्री ज्याच्या हातात त्याचंच यंत्र होतं, आणि ती बहुतेक मुलग्याच्या हातात असते. मुली गोंद लावत बसतात. हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे आणि चालवून घेतलेलं आहे.

तसंच प्रदर्शनांचं. थर्माकोलचा ज्वालामुखी आणि बाजारातून आणलेला रोबो, दोन्ही बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण कुणी ऐकणार नाही. एकच नियम करा: मांडलेल्या वस्तूशेजारी तिच्या आधीच्या दोन फसलेल्या आवृत्त्या ठेवल्याशिवाय बक्षीस नाही. परीक्षकांनी प्रश्नही त्या दोन मोडक्या वस्तूंवरच विचारावेत. पालकांनी करून दिलेली वस्तू आपोआप बाहेर पडेल, कारण पालक फसलेल्या आवृत्त्या जपून ठेवत नाहीत.

माझं बोलणं लांबलं. दुपारच्या सत्रात भाषणं नाहीत, मी संयोजकांना तशी अट घातली आहे. मागच्या टेबलावर झाकणाच्या बरण्या, मीठ, चिकणमाती आणि पुठ्ठे आहेत. कुसळं आपापली आणायची, धरणाच्या रस्त्याकडेला हवी तेवढी आहेत. पाच-पाच जणांचे गट करा, प्रत्येक गटात निदान एक भाषेचा शिक्षक हवा. उद्या सकाळी पहिल्या सत्रात प्रत्येक गटानं तीन आकडे मांडायचे आहेत: ओल्या फडक्याच्या बरणीत काटा किती अंश फिरला, मिठाच्या बरणीत किती, आणि रात्रभर या सभागृहाच्या खिडकीत ठेवल्यावर किती.