पेरणीच्या महिन्यांतील प्रवेश

जालना जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाच्या वार्षिक हिशेबात जून ते ऑगस्ट हे महिने सर्वांत ओढाताणीचे असतात, कारण कपाशी, सोयाबीन आणि तुरीचे बियाणे, खते व मजुरी यांसाठी घरातील रोकड याच काळात बाहेर पडते आणि पिकाचा पैसा हाती येण्यास दिवाळीच्या आसपासचे दिवस उजाडतात. बारावीनंतरचे बहुतेक प्रवेशही नेमके याच महिन्यांत होतात. त्यामुळे अपत्याला विद्यापीठाच्या गावी धाडण्याचा विचार या जिल्ह्यात प्रथम वेळेच्या आणि पैशाच्या जुळणीचा विचार ठरतो, आणि निरोपाचे दुःख त्या धावपळीत बहुधा मागेच राहते.

शिक्षणासाठी घर सोडणे मराठवाड्याला नवे नाही. सप्टेंबर 1948 पर्यंत, म्हणजे निजामाची राजवट संपेपर्यंत, पदवीसाठी हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ गाठावे लागे, आणि तेथे शिकवण्याचे माध्यम उर्दू असल्याने मराठी विद्यार्थ्याला गावाबरोबर भाषाही मागे ठेवावी लागे. 1938 मध्ये वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून औरंगाबाद व हैदराबाद येथील अनेक विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा कुलगुरू टी. जे. केदार यांच्या काळातील नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले. परक्या गावी दार उघडणारी संस्था भेटली नसती, तर त्या पिढीतील कित्येकांचे शिक्षण तेथेच थांबले असते. पुढे 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. 23 ऑगस्ट 1958 रोजी त्याच शहरात मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि जालन्यापासून विद्यापीठाचे अंतर सुमारे साठ किलोमीटरवर आले.

या साठ किलोमीटरांनी एक नवा पेच निर्माण केला. रोज बसने किंवा रेल्वेने जाऊन-येऊन शिकण्याला, म्हणजे बोलभाषेतील ‘अपडाउन’ला, खोलीचे भाडे व मेसचे पैसे वाचत असल्याने पालकांची पसंती असते, आणि मुलीच्या बाबतीत तर पैसा हे कारण पुष्कळदा केवळ सांगण्यापुरते असते. परंतु संध्याकाळची गाडी गाठण्यासाठी प्रयोगशाळेतून लवकर निघणारा आणि ग्रंथालयात कधीच न बसणारा विद्यार्थी पदवी मिळवतो, विद्यापीठ मात्र त्याच्या वाट्याला अर्धेच येते. ज्या कुटुंबाला निदान पहिले वर्ष तरी खोलीचा खर्च पेलता येतो, त्याने तो करावा, हे अधिक हिताचे दिसते.

पालकांची खरी मदत मात्र बॅग भरण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्यास जात वैधता प्रमाणपत्र लागते, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याची जिल्हा पडताळणी समितीने दिलेली ग्वाही. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यापर्यंत जाणारे पुरावे गोळा करण्यास महिने लागतात, म्हणून हा अर्ज अकरावीतच केलेला बरा. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, म्हणजे इतर मागासवर्गीय कुटुंब उत्पन्नाच्या ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला, मुदतीचे असते आणि जुने प्रमाणपत्र ऐन प्रवेशाच्या वेळी निरुपयोगी ठरू शकते. सेतू केंद्रातील रांगेत वडिलांनी उभे राहण्यापेक्षा मुलाने उभे राहावे, कारण पुढील चार वर्षे परीक्षा विभागाच्या खिडकीपुढे त्यालाच उभे राहायचे असते.

पैशाच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज ‘मोफत शिक्षण’ या शब्दांनी होतो. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्याने पूर्ण माफ केले, तो निर्णय मोठाच आहे; पण राहणे आणि जेवणे त्यात येत नाही, आणि पुण्यासारख्या शहरात खरा खर्च तोच असतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भोजन, निवास व निर्वाह यांसाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला 60 हजार रुपये थेट बँक खात्यात देण्याची तिची तरतूद आहे. इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची अशीच आधार योजना पुढे आली. या रकमा मात्र प्रवेश आणि अर्जाची छाननी झाल्यावर मिळतात, तर खोलीमालकाची अनामत रक्कम, म्हणजे खोली सोडताना परत मिळणारी ठेव, आणि मेसचा पहिला महिना आधी द्यावा लागतो. तेवढे तीन-चार महिने निभावण्यापुरता पैसा पेरणीपूर्वीच वेगळा काढून ठेवला नाही, तर सावकाराचे किंवा आडत्याचे दार दिसते आणि कपाशी वेचणीपूर्वीच तिच्या पैशाला वाट फुटते.

आता प्रवाह उलट दिशेनेही वाहू लागला आहे. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे मराठवाडा केंद्र 2018 मध्ये आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये जालन्यात सुरू झाल्याने दूरच्या जिल्ह्यांतील मुले येथे खोल्या शोधत येतात, आणि आपल्या मुलासाठी पुण्यात अनामत रकमेवरून घासाघीस करणारा जालनेकर आता स्वतःच्या वरच्या मजल्याची अनामत किती ठेवावी याचा विचार करीत असतो.