भ्रम तापाचा की औषधाचा?

तापात माणूस बरळू लागला की आपल्याकडे 'वात झाला' म्हणतात. उर्दूत त्याला 'हिजयान' असा शब्द आहे. गझलेत शोभावा असा. पण ज्याच्या घरात तो शिरतो त्याला गझल सुचत नाही. पूर्वी दोष तापावर जायचा, नाहीतर नजरेवर. आता आणखी एक संशयित आहे : त्याच तापावर दिलेलं अँटिबायोटिक.

आमच्या नेरुळच्या इमारतीत एक चाचा राहतात. सत्तरी ओलांडलेली, मधुमेहानं मूत्रपिंडं थकलेली. लघवीच्या संसर्गासाठी रुग्णालयात त्यांना 'सेफेपिम'ची इंजेक्शनं सुरू झाली. ताप उतरला आणि चौथ्या दिवशी चाचा सुनेलाच अम्मी म्हणू लागले, पंख्याशी गप्पा मारू लागले. कुणी म्हणालं, वय झालं. कुणी ताईत सुचवला. सून मात्र येईल त्या डॉक्टरला एकच वाक्य ऐकवत राहिली, "परवा संध्याकाळपर्यंत अब्बा शब्दकोडं सोडवत होते."

त्या 'परवा'नंच वाट दाखवली. साखर, सोडियम तपासलं, मेंदूचा स्कॅन झाला. त्यांत काही निघालं नाही. क्रिएटिनिन मात्र वाढलेलं. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडं मंदावली की ते साचतं आणि मेंदूला शांत ठेवणारे संदेश दाबून टाकतं. हातपाय न झडताही आत झटके चालू राहू शकतात. ते ईईजीत दिसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१२ साली याच औषधाबद्दल असा इशारा दिला होता. चाचांचं औषध बदललं आणि चार दिवसांनी त्यांनी पेन मागितलं.

हा पुरावा मात्र पक्का नव्हे. त्याच चार दिवसांत संसर्गही ओसरत होता, आणि खात्रीसाठी तेच औषध पुन्हा देऊन पाहणं माणुसकीला धरून नाही. म्हणून डॉक्टर 'बहुधा' म्हणतात. मला तो शब्द प्रामाणिक वाटतो.

२०१६ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी अशा ३९१ रुग्णांच्या नोंदी एकत्र पाहिल्या. त्यांत ५४ अँटिबायोटिक्स होती. प्रत्येकाची चाल वेगळी. मेट्रोनिडाझोलचा त्रास सहसा काही आठवड्यांनी दिसतो, तोल जातो, जीभ अडखळते. सिप्रोफ्लॉक्सासिननं क्वचित भास होतात. हट्टी क्षयावरचं सायक्लोसेरीन तर मनावर परिणाम करण्याबद्दल जुनंच बदनाम आहे. ते घेणारा घरात अबोल झाला, जीव नकोसा झाल्याचं बोलू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नयेत. रक्तात पसरलेला जंतुसंसर्गही असाच भ्रम आणतो, आणि तो थांबत नाही. आपण एक करावं : औषध कधी सुरू झालं, बोलणं कधी बिघडलं, लघवी किती होते, झोपेची कुठली गोळी चालू आहे, हे तारखेनिशी कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवावं. कालचा माणूस कसा होता, हे रिपोर्टात नसतं. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद नातेवाईकही करू शकतात. त्यासाठी सरकारचा मोफत क्रमांक आहे, १८००-१८०-३०२४.