ऊन पाण्याचा हिशेब

गीझर हा शब्द आइसलंडमधील एका उष्ण झऱ्याच्या नावावरून आला. आपल्या ठाणे जिल्ह्यातही वज्रेश्वरी-गणेशपुरीस ऊन पाण्याची कुंडे आहेत. परंतु तेथील पाणी तापावयास मीटर लागत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूरच्या गृहस्थास मात्र पहाटेची लोकल गाठण्यापूर्वीच्या स्नानाचे मोल महिनाअखेर मोजावे लागते.

ते किती, हे पाहू. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास सुमारे ४२०० ज्यूल ऊर्जा लागते, आणि विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लक्ष ज्यूल. थंडीत २० अंशांचे १५ लिटर पाणी ६० अंशांवर न्यावयाचे तर २५ लक्ष ज्यूल, म्हणजे सुमारे ०.७ युनिट खर्च होते.

हे झाले कागदावरचे. पडताळा मीटरशी घ्यावा. घरातील अन्य उपकरणे, फ्रिजसुद्धा, तेवढ्यापुरती बंद करावीत. मीटरवर तांबडा दिवा लुकलुकतो. एका युनिटास तो किती वेळा लुकलुकतो, हा आकडा तेथेच छापलेला असतो. तो ३२०० असेल, तर २००० वॉटच्या गीझरने मिनिटास सुमारे १०७ लुकलुकी व्हावयास हव्यात. २१ मिनिटे गीझर चालला की ०.७ युनिटाचा मेळ बसला. मीटर जिन्याखाली आणि गीझर तिसऱ्या मजल्यावर असेल तर या कामी दोन माणसे लागतात, व वरच्याने खालच्यास हाका मारणे ओघानेच आले.

लुकलुकी कमी भरल्या तर मीटरला दोष देऊ नये. २३० व्होल्टचा दाब २०७ वर उतरला की तोच गीझर १६२० वॉटचा होतो. पाणी सावकाश तापते. वीज मात्र जवळजवळ तितकीच जाते. मोठ्या वॉटचा गीझर अधिक वीज खातो, ही समजूतही याच कारणाने फोल आहे.

वाया जाते ते तापलेले पाणी साठवून ठेवण्यात. रात्री पाणी तापून गीझरवरील दिवा विझताच बटण बंद करावे व नळ उघडू नये. सकाळी पुन्हा बटण लावून दिवा विझेपर्यंत मोजावे. जे भरेल ते पत्र्यातून हवेत गेले. गीझरवरील ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारे याच गळतीवरून ठरतात.

चौघांनी रोज प्रत्येकी एक टाकी वापरली तर महिन्यास ८४ युनिटे होतात. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांपुढे चढतो. तेव्हा पंखे, दिवे, फ्रिज यांच्या वाट्यास स्वस्तातली अवघी १६ उरतात. तेच २० लिटरची बादली ४२ अंशांवर घेतल्यास अर्ध्या युनिटात स्नान होते, आणि चौघांचा महिना ६२ युनिटांत निघतो.